सत्त्याऐंशी

आम्ही अकरा जण, सगळे केळीवाले.
सावदा, निंभोरा, फैजपूर, एक चिनावलचा.
तिकडच्या समुद्राकाठचे मळे बघायचे,
घडांना पिशव्या कशा बांधतात,
तारेवरून घड झुलत झुलत कसे येतात, ते सगळं.
बारा दिवस. मधले दोन मोकळे.

दहा जण म्हणाले, समुद्र.
मी म्हणालो, ला पाझ.

एजंट पोरगा भुसावळचा.
यादी खाली-वर करून म्हणाला,
"तोतारामभाऊ, तिथं केळीचं काय?"
काहीच नाही, म्हटलं. त्या उंचीवर केळ जगत नाही.
मग तोंड वाकडं करत त्यानं विमानं जोडून दिली,
जाताना पहाटे, येताना पहाटे,
मध्ये दोन रात्री.

डॉक्टर फालकांनी कागदावर लिहून दिलं:
पहिला दिवस आडवं पडणे. पाणी भरपूर. जेवण अर्धं.
चढ दिसला की थांबणे.
म्हणजे दोन दिवसांतला एक
एवढ्या लांब जाऊन खाटेवर.
सून हसली, "ते तर इथंही होतं, आबा."
तिनं डब्यात बिबडे भरलेत, कळण्याचं पीठ काढून ठेवलंय.
मी सांगितलं, तिथं पाणी लवकर उकळतं
पण डाळ शिजत नाही.
तिला हे खोटं वाटतं. मलाही वाटायचं.

आमच्या स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलीय, दोनशे आणि काही,
पुढचा आकडा पोपडा होऊन गळाला.
त्याहून उंच मी एकदाच गेलो, तोरणमाळला,
तिच्याबरोबर.
घाटात तिच्या कानांना दडे बसले,
तळ्यापाशी पोचेस्तोवर ती मोठ्यानं बोलत राहिली
आणि आमच्या घरातलं सगळं
अख्ख्या एसटीला कळलं.

सराव म्हणून पाण्याच्या टाकीवर चढतो.
एकशे अठरा पायऱ्या, पहाटे पाचला,
नंतर मे महिन्यातलं लोखंड हात धरू देत नाही.
परवा उशीर झाला. खाली माणसं जमली.
त्यांना वाटलं, केळीच्या भावासाठी चढलोय.
कोणी नगरसेवकाला फोन लावला,
दोघं तर घोषणा देऊ लागले.
मी वरून ओरडलो, मला काही मागायचं नाही रे!
हे कोणालाच पटलं नाही.

वर बसून बोटाला ते यंत्र लावलं.
कपाटात होतं, तिच्या चष्म्याच्या घरात,
त्या वर्षापासून. सेल नवे टाकले.
सत्त्याण्णव दाखवलं.

त्या वर्षी ते तिच्या बोटाला होतं.
घरी एक्क्याण्णव.
जळगावला पोचेपर्यंत सत्त्याऐंशी,
आणि सत्त्याऐंशी बघून दारातल्या माणसानं
नजर मागच्या गाडीकडे वळवली.
आकडे मला येतात. घडाचं वजन, कटती, टक्का, वाफसा धरून पाण्याचे तास.
हा आकडा कुठल्याच वहीत बसला नाही.

मग कधीतरी कळलं, त्या गावात
नव्या माणसाला सत्त्याऐंशी म्हणजे ठीक.
घाबरायचं नाही, हळू चालायचं.
तिथं त्या हवेत बाजार भरतो,
बायका गोल टोप्या घालून बटाटे मोजतात,
पोरं तारेवरच्या पाळण्यातून शाळेत जातात,
कोणी कोणाला गाडीत घालून कुठं नेत नाही.

तेव्हा दुसरा दिवस असा ठरवलाय:
सकाळी त्यांच्या पाल्याचा चहा.
दहाला बाजारातलं एखादं बाकडं.
स्वेटर सुनेचा भाऊ देणार आहे, नाशिकहून.
हातमोजा काढायचा, यंत्र लावायचं.
आकडा स्थिर व्हायला जरा वेळ लागतो.
तेवढा वेळ बाजूच्या बाईकडे बघायचं,
ती काय विकते,
कितीला.

पुढचं काही ठरवलं नाही.
विमान पहाटे चारचं आहे.